या एकदा लालबागला

यात धनेशचा फायदा काय होता, ते आधी सांगतो. बाकीचं नंतर.

आमंत्रण द्यायला काही लागत नाही. चहाला निदान दूध लागतं. आमचे धनेशराव, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, हे फार लवकर शिकले होते. रस्त्यात कोणी भेटलं की, "या ना एकदा घरी." लग्नात शेजारच्या खुर्चीवर कोणी जेवायला बसलं की, "लालबागला यायचंच हां, असं नाही चालणार." हात छातीवर, मान तिरकी, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपल्या सख्ख्या भावाची आठवण यावी.

समोरचा खूश होऊन जायचा. काय मोठ्या मनाचा माणूस!

मुंबईत अशा आमंत्रणाला कोणी येत नाही. देणाऱ्याला ते माहीत असतं, घेणाऱ्यालाही. आणि चुकून कोणी आलंच, तर धनेशराव सोफ्यावरून उठायचे नाहीत. अक्षदाला, माझ्या बहिणीला, एवढंच सांगायचे...

"सांग, घरात कोणी नाही."

मोठेपणा त्यांचा. दारात उभं राहून खोटं बोलायची ती.

'घरात कोणी नाही', हे वाक्य लक्षात ठेवा.

खाली लिहितोय ते घडलेलं आहे. मी तिकडेही होतो आणि इकडेही होतो. या पानावर लोक भुताखेतांच्या गोष्टी टाकतात, त्या वाचून मी स्वतः कितीदा हसलोय. तुम्हीही हसा, हरकत नाही. फक्त धनेश हसला तसं हसू नका. ते हसणं अजून माझ्या कानात आहे आणि ते आठवलं की मला लिहिणं थांबवावं लागतं. भीतीने नाही. रागाने.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही तिघं जॉर्जियाला गेलो. तिबिलिसी नावाचं जुनं शहर. धनेशच्या ऑफिसात सगळ्यांचं दुबई, थायलंड करून झालं होतं. त्याला युरोप पाहिजे होता, पण व्हिसाची कटकट नको होती. इथले फोटो युरोपसारखे येतात म्हणून हे शहर. माझी बायको माया शाळेत शिकवते, तिच्या परीक्षा चालू होत्या. अक्षदा म्हणाली, "दादा, तू तरी चल. मला बोलायला कोणीतरी हवं ना तिकडे."

लग्नाला इतकी वर्षं झालेली बाई नवऱ्याबरोबर फिरायला जाताना असं म्हणते. घ्या समजून.

शहर मात्र सुंदर. वर टेकडीवर पडका किल्ला. खाली गंधकाच्या गरम पाण्याची जुनी स्नानगृहं, त्यांचे घुमट जमिनीतून अर्धे वर आलेले, उपड्या टोपांसारखे. सगळ्या भागात त्या पाण्याचा वास.

"विझलेल्या फुलबाजीचा वास येतो ना रे?" अक्षदा म्हणाली. अगदी बरोबर. पाण्यात बुडवलेल्या फुलबाजीचा.

एका दुपारी किल्ला उतरून आम्ही गल्ल्यांमधून चाललो होतो. धनेश पुढे, मोबाईल हातात. एक लाकडी फाटक किलकिलं दिसलं आणि तो सरळ आत घुसला. त्याच्यामागे आम्ही.

मी बघतच राहिलो.

ती चाळ होती.

मधे चौक. चौकात नळ. वर लाकडी गॅलऱ्या, या गॅलरीतून त्या गॅलरीत कपड्यांच्या दोऱ्या. एका बाजूला वर जाणारा वळणाचा जिना. अक्षदा आणि मी परळच्या ज्या चाळीत वाढलो, तिला कोणी उचलून परदेशात ठेवावं तशी.

फक्त दोऱ्यांवर एकही कपडा नव्हता. नळाखाली बादली नव्हती. आणि आवाज...

आवाजच नव्हता. चाळ आहे आणि आवाज नाही, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अहो, कोणाच्या तरी घरात शिरलोय आपण," अक्षदा हळूच म्हणाली. "चला बाहेर."

"एक फोटो. ए, त्या खांबाला टेक ना जरा. हस की. पैसे भरून आलोय, तोंड काय पाडतेस?"

तेवढ्यात वरून आवाज आला.

थप...

थप...

थप...

लाकडावर तळहात मारल्याचा. सावकाश.

वरच्या गॅलरीत एक म्हातारी उभी होती. काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. एका हाताने कठड्यावर थाप मारत होती आणि दुसऱ्याने बोलवत होती. वर या, वर या.

"बघा, लोक किती चांगले," धनेश म्हणाला. तो जिन्यावर पोचलाही होता.

एकच खोली. खाट, टेबल, कोपऱ्यात लोखंडी शेगडी. म्हातारीने आधी अक्षदाकडे पाहिलं. नव्या बुटांनी तिची टाच सोलवटली होती, ती लंगडत होती. म्हातारीने तिला खाटेवर बसवलं, स्वतः खाली बसली आणि तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला.

"अहो आजी, नको नको, तुम्ही मोठ्या आहात." अक्षदाने पाय ओढून घेतला.

म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी बोलली. शब्द कळले नाहीत, सूर कळला. गप बस गं. आणि तिने टाचेला फडकं बांधलं.

मग टेबलावर पाव आला. चीज आलं. मातीच्या सुरईतली वाईन आली. धनेश "व्हेरी नाइस, मदर" करत खात सुटला. संपलं की ताटली पुढे. म्हातारी पुन्हा डब्याकडे जायची.

अक्षदाने माझ्या बाहीला हात लावला. "दादा, डबा रिकामा झाला. तिने होतं नव्हतं ते आपल्याला वाढलं. स्वतः कणभर खाल्लं नाही."

मीही पोटभर खाल्लं होतं. हे इथेच सांगून ठेवतो.

पाव गरम होता. हात शेकावेत म्हणून मी शेगडीजवळ गेलो...

शेगडीत विस्तव नव्हता. राखही नव्हती.

निघताना म्हातारीने एका मातीच्या वाडग्यात अक्रोड भरले आणि तो अक्षदाच्या हातात दिला. काळपट, काठावर बोटांनी दाबून काढलेली नक्षी. धनेशने तो लगेच उलटसुलट करून बघितला. "अँटिक आहे हा. शोकेसमध्ये काय दिसेल!"

आणि मग त्याने छातीवर हात ठेवला.

"मदर. यू कम टू मुंबई. लालबाग. माय हाऊस. एनी टाइम. यू स्टे विथ अस."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अक्षदाकडे बघत होती. भुवया वर करून. विचारल्यासारखी.

आमच्या कोकणात पुरुषाने केलेलं बोलावणं अर्धं असतं. घरच्या बाईने म्हटलं की ते पुरं होतं. तिकडेही तसंच असावं.

"बोल ना तू पण," धनेशने तिला कोपर मारलं. "कुठे येणारे ती!"

अक्षदाला तोंडदेखलं बोलता यायचं नाही. तिने म्हातारीचा हात हातात घेतला आणि मराठीत म्हणाली, "या आजी. खरंच या. तुमचं भांडं भरून देईन मी."

म्हातारीने मान हलवली. समजल्यासारखी.

आम्ही उतरलो ते घर नीनो नावाच्या बाईचं होतं. इंग्रजी चांगलं बोलायची. संध्याकाळी धनेशने तिला सगळा किस्सा रंगवून सांगितला. ती भांडी पुसत होती. पुसायची थांबली.

"ते फाटक? किल्ल्याच्या उतारावरचं? तिथे कोणी राहत नाही. भूकंपात ते घर फुटलं, तेव्हापासून रिकामं आहे."

"मग ही म्हातारी कोण, तुमची टुरिझमवाली?" धनेश हसला.

नीनो हसली नाही. तिने वाडग्याकडे पाहिलं. "तुम्ही तिचं खाल्लं, की तिने तुमचं?"

"आम्ही तिचं," अक्षदा म्हणाली.

"आणि तिला घरी बोलावलंत?"

"हो."

नीनोने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आमच्याकडे पाहुणा देव पाठवतो असं म्हणतात. म्हणून उगाच कोणी कोणाला बोलवत नाही."

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. सकाळी अक्षदा हट्टाने मला घेऊन त्या फाटकाकडे गेली. धनेश टॅक्सी घेऊन मागून आला. तिने वाडगा धुतला होता आणि मुंबईहून आणलेले रव्याचे लाडू त्यात भरले होते. आमची आई म्हणायची, "भांडा रिकामा धाडू नये बाये. रिकाम्या भांड्यामागसून माणूस येता." म्हणजे आपलं भांडं मागायला शेजारीण दारात येते आणि आपल्याला लाज वाटते, एवढाच अर्थ.

त्या लाडवांबद्दलही सांगतो. अक्षदाच्या उजव्या अंगठ्याला लहानपणी विळी लागली होती. लाडवात मनुका दाबताना त्या व्रणाची एक आडवी रेघ उठायची. तिचा लाडू शंभरात ओळखू यायचा.

फाटक किलकिलंच होतं. आम्ही आत गेलो.

चौक होता. नळ होता. वर ती गॅलरी होती, एका बाजूने लोंबकळत. आणि आदल्या दिवशी आम्ही चढलो होतो तो जिना...

जिना नव्हता.

भिंतीत कुजलेल्या फळ्यांची टोकं होती आणि जिन्याच्या जागी अंजिराचं झाड वाढलेलं होतं. माझ्या मांडीएवढ्या बुंध्याचं.

अक्षदा भरला वाडगा घेऊन उभी राहिली. "आजी," तिने हाक मारली. "ओ आजी."

बाहेरून टॅक्सीचा हॉर्न. "फ्लाइट चुकेल हां! चला!"

टॅक्सीत धनेशने वाडगा तिच्या मांडीवरून उचलला आणि विमानतळ येईपर्यंत एकेक करून सगळे लाडू खाल्ले. दुसऱ्याच्या नावाने भरलेलं. आणि वाडगा रिकामा करून बॅगेत ठेवला, शर्टात गुंडाळून.

मी तेव्हाच त्याच्या हातावर मारायला हवं होतं.

आता इकडचं.

त्यांचं घर लालबागला, जुनी चाळ पाडून झालेल्या टॉवरमध्ये. चाळीत कोणी कोणाला "या घरी" म्हणत नव्हतं, कारण दारं उघडी असायची आणि लोक येतच असायचे. आता दारं बंद, म्हणून आमंत्रणं वाढली. धनेशने वाडगा शोकेसमध्ये ठेवला, वर छोटा दिवा लावला. आल्यागेल्याला दाखवायचा. "जॉर्जियन अँटिक. एका फॅमिलीने प्रेमाने दिलं."

दिवाळी झाली आणि अक्षदाचा फोन आला.

"दादा, दुपारी चहाच्या वेळेला दारावर कोणीतरी थाप मारतं. बेल आहे, तरी थाप."

"कशी?"

"तिथल्यासारखी."

"कोण असतं?"

"दार उघडलं तर कोणी नाही. फुलबाजीचा वास येतो. पायपुसण्यावर एक अक्रोडाचं टरफल होतं. मी ह्यांना म्हटलं, तिचा वाडगा द्या, मी भरून ठेवते. तर म्हणाले, अँटिक आहे तो, डोकं फिरलंय का तुझं?"

"मग?"

"मग पुन्हा थाप पडली. हे म्हणाले, सांग घरात कोणी नाही. मी सांगितलं." तिचा आवाज बारीक झाला. "बंद दाराच्या आतून सांगितलं रे. मला तिची लाज वाटली."

त्यानंतर विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. एकेक करून... आणि सगळ्या साध्या.

कामवाली म्हणाली, "ताई, काल कुठे गेला होता? किती बेल मारली, घरात कोणी नव्हतं." अक्षदा दिवसभर घरात होती. बेल वाजलीच नव्हती.

गॅसवाला परत गेला. कुरिअरवाला चिठ्ठी लावून गेला.

धनेश घरी असला की बेल वाजायची. धनेश नसला की...

एकदा मी स्वतः गेलो. बेल दाबली. दार ठोकलं. आत पूर्ण शांतता. रिकाम्या घराची एक शांतता असते, आपल्याला दाराबाहेरूनही कळते. तशी. मी तिला फोन लावला.

"अगं, कुठे आहेस? मी दारात उभा आहे."

"मी दारासमोरच बसलेय, दादा. खुर्ची टाकून. कोणीच बेल वाजवली नाही."

दार उघडलं. ती समोर खुर्चीत. आमच्यामध्ये दीड हाताचं अंतर आणि एक दार. मी ठोकत होतो, ती ऐकत बसली होती, आणि मध्ये ते ठोकणं कुठेतरी जात होतं.

ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं. "जितक्यांदा मी 'घरात कोणी नाही' म्हणते ना," ती म्हणाली, "तितकी मी कमी होते असं वाटतं."

समोरच्या ब्लॉकमध्ये कौसल्याकाकू राहतात. जुन्या चाळीतल्याच, दार अजून उघडं ठेवणाऱ्या. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ती काळ्या कपड्यातली म्हातारी कोण रे? लिफ्टजवळ जमिनीवर बसून असते बिचारी. मी विचारलं, आजी, पाणी देऊ का? तर तिने नुसतं बोट केलं."

"कुठे?"

"अक्षदाच्या दाराकडे. बरं दिसतं का हे? पाहुणी आलीय तर आत घ्यायला काय होतं धनेशला?"

मी कपाळाला हात लावला. जे कोणाला कळत नव्हतं ते काकूंना कळलं होतं. पाहुणी आलीय. आत घ्या. पाणी द्या. भांडं द्या. एवढंच.

मी धनेशला फोन केला. तो म्हणाला, "दादा, तुम्ही शिकलेली माणसं. मेनोपॉज असेल तिचा, डॉक्टरला दाखवतो." डॉक्टरलाही दाखवलं नाही.

मार्गशीर्षातला गुरुवार होता तो. अक्षदाने मला मुद्दाम बोलावलं होतं. "आज मी देणारच, दादा. तू फक्त बसून राहा. तू असलास की हे ओरडत नाहीत."

तिने लाडू केले होते. धनेश आत झोपलेला असताना शोकेस उघडून वाडगा काढला होता, धुतला होता, भरला होता. नवी साडी नेसली होती. तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा तयार ठेवला होता. तिचा चेहरा बघून मला आमच्या आईची आठवण झाली.

दिवेलागण झाली. समोरच्या घरात काकू मटार सोलत बसल्या होत्या, त्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता.

मग तो आवाज येईनासा झाला...

थप...

थप...

थप...

मी स्वतः ऐकलं. लाकडावर तळहात. जशी ती कठड्यावर मारत होती.

अक्षदा वाडगा घेऊन उठली. आणि धनेश बेडरूममधून बाहेर आला.

"हे काय? हे काय चाललंय?" त्याने दोन पावलांत येऊन वाडगा तिच्या हातातून काढून घेतला. "तुला सांगितलं होतं ना, हात लावायचा नाही. फुटला असता म्हणजे?"

"अहो, तिचा आहे तो."

"कोणाचा? कोणाचा गं?"

"तुम्ही बोलावलंत तिचा."

मी उठलो. "धनेशराव, द्या तो तिला. नाहीतर तुम्ही जा. तुम्ही बोलावलंत, तुम्ही दार उघडा."

तो हसला. सोफ्यावर बसला. वाडगा मांडीवर घेतला, वरचा एक लाडू उचलून तोंडात टाकला आणि हसत हसत खायला लागला.

"दादा, तुम्हीसुद्धा? बोलायची पद्धत असते ती. सगळ्या जगाला मी या म्हणतो, म्हणून सगळं जग येणार काय?"

थप...

"ऊठ," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अरेतुरे केलं. "ऊठ रे तू. आज तू उठायचं."

त्याने पाय वर घेतले. माझ्याकडे बघतही नव्हता. अक्षदाला म्हणाला, तोंडात लाडू तसाच...

"सांग, घरात कोणी नाही."

अक्षदाने आधी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग आपल्या रिकाम्या हातांकडे.

"दादा, रिकाम्या हाताने कसं जाऊ रे?" ती म्हणाली. मला विचारत नव्हती. मी त्या माणसाशी भांडत होतो. त्याची कॉलर माझ्या हातात होती. मी तिला उत्तर दिलं नाही.

पाण्याचा तांब्या टेबलावरच राहिला. ती दाराकडे गेली. कडी काढल्याचा आवाज आला. दार उघडल्याचा आला. त्या वासाची एक झुळूक आत आली. ओली फुलबाजी.

आणि तिचा आवाज. स्पष्ट. शांत.

"या आजी. घरात कोणी नाही... मीच आहे."

मग काही नाही.

काकूंचा टीव्ही पुन्हा सुरू झाला, मध्येच, वाक्याच्या अर्ध्यातून.

मी दाराकडे वळलो. दार सताड उघडं. उंबऱ्याशी अक्षदाच्या चपला, जिथे नेहमी असतात तिथेच. समोर काकू मांडीवर मटारची ताटली घेऊन.

"काकू, अक्षदा कुठे गेली?"

"ही काय, आत्ता दारात बोलत होती. मी शेंग पडली ती उचलायला वाकले..." त्यांनी मान वर करून पाहिलं. "आत गेली ना?"

लिफ्ट तळमजल्यावर होती. जिन्यात कोणी नव्हतं. वॉचमन शपथेवर सांगतो, खाली कोणी उतरलं नाही. मी अनवाणी गच्चीपर्यंत गेलो, तळापर्यंत आलो. तिला हाका मारल्या. बिल्डिंगमधली सगळी दारं उघडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

परत आलो तेव्हा धनेश सोफ्यावर तसाच होता. त्याच्या मांडीवर लाडू विखुरलेले.

वाडगा नव्हता.

"आत्ता होता," तो म्हणाला. "हातात होता माझ्या."

बायको गेली होती आणि तो वाडगा शोधत होता. सोफ्याखाली, गाद्यांमागे. देवाशपथ, मी पाहिलं ते.

पोलीस झाले. तक्रार झाली. धनेशची दोनदा चौकशी झाली, माझीही झाली. मी खरं काय ते सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं नाही. नीनोलाही कळवलं. तिने एक ओळ पाठवली, "ती पाहुणी आत आली, की तुझी बहीण स्वतः बाहेर गेली?" मला सांगता आलं नाही. अजून येत नाही.

धनेश मजेत आहे. दुःखी आहे म्हणतात लोक, मला दिसत नाही. बिल्डिंगमधल्या बायका त्याला डबे पाठवतात. बिचारा एकटा. तो डबे खातो आणि रिकामे परत देतो. परवा भेटायला आलेल्या माणसाला निरोप देताना, मी माझ्या कानांनी ऐकलं, छातीवर हात ठेवून म्हणाला, "येत जा असेच. घर तुमचंच आहे."

मी तिथून निघून आलो. नाहीतर पोलिसांना खरोखरच लिहून घ्यायला काहीतरी मिळालं असतं.

हे सगळं मी आज का लिहितोय, ते सांगतो.

मी परळलाच राहतो, आमच्या त्याच जुन्या खोलीत. अक्षदाचं माहेर ते. दार दिवसभर उघडं असतं. मागच्या आठवड्यात चहाच्या वेळेला माया गॅसपाशी होती, मी पेपर वाचत होतो.

थप...

थप...

थप...

उघड्या दारावर.

मी मान वर केली. गॅलरी रिकामी. शेजारच्या दोऱ्यांवर कपडे हलत होते. गॅलरीभर ओल्या फुलबाजीचा वास.

उंबऱ्यावर वाडगा होता.

काळपट, काठावर बोटांची नक्षी. मी वाकलो, आणि तसाच वाकलेला राहिलो. माया मागून म्हणाली, "काय हो? कोण आहे?"

वाडगा रिकामा नव्हता.

आत एक रव्याचा लाडू होता. अजून कोमट. वर मनुका दाबलेला. आणि मनुक्याशेजारी...

एक आडवी रेघ.

माहेरी रिकाम्या हाताने यायची नाही ती कधी.

वाडगा ओट्यावर ठेवलाय. लाडू मी खाल्ला नाही, कोणाला खाऊ दिला नाही. तो शिळा होत नाही. माया म्हणते, भरून दारात ठेवा. मी म्हणतो, दारात ठेवणार नाही, हातात देईन. कोणाच्या हातात, ते थाप पडल्यावर बघू. आमच्याकडे आता बेल वाजो की थाप पडो, मायाला मी उठू देत नाही. घरात कोणी नाही, हे वाक्य आमच्या घरात कोणी मस्करीतही म्हणायचं नाही.

आणि हिशोब विचाराल, तर तो एवढाच आहे.

बोलावलं धनेशने. पाव खाल्ला आम्ही तिघांनी. फेडलं एकट्या अक्षदाने.

धनेशचं त्यात फिटलं असेल.

माझं अजून ओट्यावर आहे.